पाचवा हात

आमच्या घरात माणसं तीन होती आणि हात चार. दोन माझे, दोन ह्यांचे. सासऱ्यांना दोन्ही खांद्यांखाली काहीतरी होतं, पण त्याला हात म्हणावं असं ते राहिलं नव्हतं. डावा हात ऐन तारुण्यात कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेला. कोपराखाली चार बोटं लांबीचं थोटं तेवढं उरलं. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी एका उजव्या हातावर नांगर धरला, मोट हाकली, बाजार केला आणि भांडणंही केली. मग एका सकाळी उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पाय ओढत ओढत का होईना चालू लागला, पण हात काही परत आला नाही. तो मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी पडून राही.

पाचवा हात आला तो बाहत्तरच्या दुष्काळात, आणि तो लोखंडाचा होता. परवा नातीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा घरात यंत्राचा पांढराशुभ्र हात एका म्हाताऱ्या बाईला चमच्याने सूप भरवत होता. नात म्हणाली, "आजी, बघ, काय काय शोध लागतात." मी म्हटलं, "लागू देत. आमच्याकडे होता असला हात, आणि त्यातून सांडत नव्हतं." हे खोटं आहे. आमच्याही हातातून सांडायचं. पण नव्या पिढीपुढे आपण होऊन पडतं कशाला घ्या?

मी कोपरगावकडची. पाटाच्या पाण्यावर आणि उसाच्या सावलीत वाढलेली. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, मुलगा टर्नर आहे, नागापूरला कारखान्यात लागलाय, पोरीला शेतात राबायला नको. ते खरंच होतं. पण ह्यांचं गाव सुप्याच्या बाजूला, उघड्या माळावर. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा आंघोळीचं पाणी बघून मला वाटलं, हे तोंड धुवायला दिलंय, आंघोळीचं मागून येईल. ते आलं नाही. सासरशी माझा पहिला रुसवा तो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. आत्याबाई मामांना भरवायला बसल्या की मी चुलीशेजारून बघत राही. "आ करा" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. भाकरी कुस्करून कालवणात कालवायच्या, लहान घास करायच्या, आणि गावातल्या कुणाचं तरी काहीतरी सांगत तो त्यांच्या तोंडात ठेवायच्या. मामा ऐकत जेवायचे. दोघांना मध्ये हात आहे याची आठवणच नसावी. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात आत्याबाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. ह्यांनी मामांना नागापूरला आणलं. आमच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि समोर माळावर कारखान्यांची नवी शेडं उठत होती.

पहिल्या दिवशी हे सकाळीच वडिलांना भरवून कामावर गेले. दुपारी मी ताट वाढून मामांपुढे ठेवलं आणि मागे सरून उभी राहिले. आता करायचं काय? आमच्या घरात सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या सतरंजीवर बसायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा. मग घास तोंडात कसा द्यायचा? मामांनी तो प्रश्न निकालात काढला. भिंतीकडे बघून म्हणाले, "भूक न्हाई म्हनावं." ते माझ्याशी असंच बोलायचे, भिंतीमार्फत.

मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं. भूक न्हाई म्हनावं. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याची आमटी. भूक न्हाई. संध्याकाळी हे आले, हातपाय धुऊन वडिलांसमोर बसले, आणि ज्यांना भूक नव्हती त्यांनी सगळी आमटी संपवली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा माणूस माझ्यासमोर उपाशी बसतोय. आणि मी दोन धडधाकट हात घेऊन त्याच्यासमोर भांडी घासतेय.

मी काही गरीब गाय नव्हते. त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "तुमच्या वडलांना सांगा, सुनेच्या हातचा घास खाल्ला तर जात जात न्हाई."

हे म्हणाले, "आबांना कोन सांगनार?"

"मग मी सांगते."

"तू सांगितलं तर ते सांच्यालाबी जेवायचे न्हाईत."

ते बरोबर होतं. पण मामा उन्हाळ्यापर्यंत इतके वाळले की बंडीच्या गळ्यातून हासळीची हाडं दिसायला लागली, आणि माझी लाज वाढत गेली.

त्या वर्षी आमच्या भागात टँकर यायचा. यायचा म्हणजे, येतो असं लोक म्हणत. एका दुपारी मी मामांपुढे ताट ठेवलं, त्यात भाकरी आमटीत कुस्करून ठेवली, आणि घागर घेऊन निघाले. मनात होतं, मी समोर नसले तर शेजारच्या एखाद्या पुरुषाला हाक मारतील. टँकर आला नाही. मी लवकर परतले. दार ढकललं तर मामा गुडघ्यांवर वाकून ताटात तोंड घालून जेवत होते. माझ्या बांगड्या वाजल्या. त्यांनी मान वर केली. मिशांना, नाकाला, गालाला आमटी लागलेली. त्यांनी तसंच तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दार लावून घ्या म्हनावं," ते म्हणाले.

मी दार ओढून पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं. कीव आली होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता. कुणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांचा, माझ्या पदराचा, टँकरवाल्याचा. जरा वेळाने एक गोष्ट डोक्यात आली. त्यांचं तोंड आमटीने भरलंय, आणि ते पुसायला त्यांना हात नाही. हे संध्याकाळी येणार. तोपर्यंत काय ते तसेच बसणार?

मी आत गेले. त्यांच्याकडे न बघता पंचा ओला केला आणि दाराच्या चौकटीला, खुंटीवर, त्यांच्या तोंडाच्या उंचीला दुहेरी अडकवला. परत बाहेर येऊन दार लावलं. आतून पाय ओढल्याचा आवाज आला. चौकट जरा करकरली. थोड्या वेळाने मी आत गेले तर मामा जागेवर बसलेले, तोंड स्वच्छ, आणि पंचा पिवळा.

मी भांडी आवरता आवरता विचार करत राहिले. माझा हात त्यांना चालत नव्हता, पण खुंटीवरचा पंचा चालला. त्यांना माणूस नको होतं, वस्तू हवी होती. वस्तूपुढे लाजायला होत नाही, तिला पदर घ्यावा लागत नाही.

हे आल्या आल्या मी म्हटलं, "तुमी कारखान्यात लोखंडाला पाहिजे तसं वळवता ना? मग एक हात वळवून आना."

हे फार बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी वडिलांना जेवू घातलं. भरवताना पहिल्यांदाच मी पाहिलं की घास कुठून उचलतात आणि कुठपर्यंत नेतात हे मनात मोजत होते. दुसऱ्या दिवशी जाताना मोजपट्टी खिशात घालून गेले.

दोन आठवडे गेले. फोरमनला विचारून ह्यांनी भंगारातल्या पट्ट्या आणि सायकलचे जुने हब आणले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत काहीबाही जुळवत होते. मी खूश होते. मग एका दुपारी शेजारणीचं पोलकं शिवायला मशीनवर बसले आणि पाय खाली टेकवला, तो सरळ फरशीवर. माझ्या माहेरच्या शिलाई मशीनचं पायडल गायब. पायडल, त्याची दांडी, सगळं. चोर बाहेरचा नव्हता हे कळायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी मी ह्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. हे एवढंच म्हणाले, "आबांसाठी घेतलंय." असं म्हटल्यावर भांडणाऱ्या बाईने काय करावं?

सुट्टीच्या दिवशी हात घरी आला. एका फळीवर उभा खांब, त्याला दोन समांतर पट्ट्यांचा हात, टोकाला चमचा. दोन पट्ट्यांमुळे हात वर गेला तरी चमचा कलायचा नाही, ही ह्यांची अक्कल. ताट बसवायला फळीत खाच, आणि ताटाची एक कड ह्यांनी ठोकून उभी केलेली, म्हणजे चमचा त्या कडेला घासून भरेल. खाली माझं पायडल. दाबलं की चमचा वर तोंडाशी जाई, सोडलं की खाली ताटात येई. मामांच्या अंगात धड असं काही उरलं होतं तर तो डावा पाय, म्हणून सगळी रचना डाव्या पायाची. ह्यांनी स्वतः बसून दाखवलं. चमच्यात पाणी घेऊन तोंडापर्यंत नेलं, थेंब सांडला नाही. मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली.

मामा बघत होते. म्हणाले, "झालं दावून?"

"बसा आबा. पाय हितं ठेवा."

"अन्नाला पाय लावू?"

हे गडबडले. "आबा, पाय पायडलला लागतोय. अन्नाला कुटं लागतोय?"

"लोखंडातनं लावला म्हनून पाय काय पाय न्हाई का? तुजी आय आसती तर तिनं ह्ये चुलीत घातलं आसतं."

लोखंड चुलीत जळत नाही हे सांगायची ती वेळ नव्हती. हे फळीकडे बघत राहिले. आठ तास लेथवर उभा राहणारा माणूस. यंत्राला पाय लावायचा असतो हे त्याच्या अंगात मुरलेलं. मीही दिवसभर पायाने मशीन चालवते, मलाही ते सुचलं नव्हतं. पण कापड वेगळं आणि अन्न वेगळं. भाकरीचा तुकडा चुकून पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावणारी माणसं आम्ही. त्यात ते वर्ष असं, की लोक दुष्काळी कामावर खडी फोडून मिळालेल्या सुकडीच्या चिमटीलाही नमस्कार करत होते. मला मामांचा राग यायला हवा होता, पण मनातून मी त्यांच्या बाजूची होते. हे ह्यांना मात्र मी कधीच सांगितलं नाही. पायडल परत मशीनला लागलं आणि हात कोपऱ्यात पोत्याखाली गेला.

मामा पुन्हा भिंतीला सांगू लागले, भूक न्हाई म्हनावं.

आमच्या शेजारणीचं तान्हं मूल होतं. ती पाण्याच्या रांगेत जाताना त्याची झोळी आमच्या सामायिक पडवीतल्या आढ्याला बांधून जायची. एकदा आम्ही दोघी रांगेत होतो. मी विसरलेली चुंबळ न्यायला परत आले. पडवीत मूल कुरकुरत होतं आणि मामा झोळीशेजारी बसले होते. त्यांच्या बंडीच्या डाव्या बाहीला खाली कायम गाठ मारलेली असे. आधी ती आत्याबाई मारायच्या, आता हे मारायचे. ती गाठ त्यांनी दातांनी सोडली होती. बाही वर सरकलेली, आणि उघड्या थोट्याने ते झोळी ढकलत होते. ढकलायची, परत आली की कोपराच्या बेचक्यात अडकवून ओढायची, पुन्हा ढकलायची. एका लयीत. थोटं काळंसावळं, गोल, टोकाला सुरकुतलेलं, आणि चांगलं पिळदार. मूल झोपलं होतं तरी ते हलवत होते.

मी चुंबळ न घेताच परत गेले आणि हाताने घागर सावरत पाणी आणलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे डबा धुता धुता थांबले. मग म्हणाले, "मी तो हात कदी नीट पाह्यलाच न्हाई. आंगुळीला, गाठ मारताना बी नजर वळवायचो. लहानपनापासून आबांनी कुनाला दावला न्हाई. म्हनून तर माज्या ध्यानातच आला न्हाई."

"ढकलता येतंय, वढता येतंय. अजून काय पाहिजे तुमच्या चमच्याला?"

"त्यांना विचारायचं कसं?"

आता हे काम माझंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट ठेवलं, मामांनी भिंतीला नेहमीचं सांगितलं, आणि मग मीही त्याच भिंतीला सांगितलं, "ज्याला झोळी हलवता येती त्याला चमचा हलवायला काय जड हाय, म्हनावं."

मामांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता मामा गावाकडे निघून जाणार. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी हे आले, वडिलांसमोर बसले, आणि पहिला घास उचलणार तोच मामांनी डावी बाही त्यांच्यापुढे केली.

"सोड गाठ," ते म्हणाले.

ह्यांनी गाठ सोडली. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, पण मला कळत होतं. ह्यांनी ते थोटं दोन्ही हातांत धरलं आणि मोजपट्टी काढायच्या आधी नुसतेच धरून बसले.

हाताच्या दुसऱ्या खेपेला एक आठवडा लागला. पायडलच्या जागी आता एक दांडा आणि त्याला कोपर बसेल असा पट्टा. ढकललं की चमचा खाली, ओढलं की वर. पट्टा कारखान्यातल्या यंत्राच्या जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्याचा होता, तो टोचू नये म्हणून मी आतून आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. मामांनी ते बघितलं, ओळखलं, आणि थोटं लगेच आत सरकवलं. दोनदा ढकललं, दोनदा ओढलं. मग थांबले.

"ह्यो डावीकडनं येतोय."

"व्हय आबा. थोटं डावीकडं हाय."

"घास उजवीकडनं आला पायजे. डाव्या हातानं कोन जेवतं?"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबून बाहेर गेले. ह्यांनी कपाळावर हात मारला असेल असं मला वाटलं, पण परत आले तर हे फळी उलटी करून बघत होते, आणि दोघं बापलेक डोक्याला डोकं लावून बोलत होते. फळीखालून एक दांडी आडवी न्यायची, डावीकडून ढकललं की उजवीकडचा खांब हलेल. मामा सांगत होते, मोटेचं चाक कसं असतं, नाडा इकडून ओढला की तिकडे मोट कशी उचलते. उजव्या हाताचा हट्ट त्यांचा, पण तो पुरा करायची युक्तीही अर्धी त्यांचीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते आजारी माणूस वाटले नाहीत.

तिसऱ्या खेपेचा हात तयार झाला तेव्हा आधी वाळूवर शिकणं झालं, मग पाण्यावर, मग कण्यांवर. भाकरी त्याला उचलत नसे, रेशनवरच्या लाल मिलोची, त्या अमेरिकन ज्वारीची, तर नाहीच. म्हणून मी हुलग्याचं माडगं करायला लागले. हुलगे भाजून भरडायचे आणि पिठाची दाटसर पेज शिजवायची. दुष्काळी मुलखाचं अन्न. आमच्या पाटाकडच्या लोकांनी तोंड वाकडं केलं असतं, पण चमच्याला ते अगदी सोसायचं.

पहिल्या दिवशी दुपारी मी ताट खाचेत बसवलं. मामा म्हणाले, "जरा भाईर जावा म्हनावं."

मी पायरीवर बसले. आत चमचा ताटावर आपटल्याचा आवाज. मग शांतता. मग काहीतरी सांडल्याचा आवाज आणि एक शिवी. पुन्हा चमचा. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मुलाच्या परीक्षेला बाहेर बसलेल्या आयाही एवढ्या घाबरत नसतील. खूप वेळाने चौकट करकरली, म्हणजे पंच्याला तोंड पुसून झालं.

आत गेले. बंडीवर माडगं, दाढीच्या खुंटांवर माडगं, फळीवर माडगं. पण ताट निम्म्याहून जास्त रिकामं होतं. मामा ताठ बसले होते. आणि भिंतीकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी हुतं."

घरात येऊन इतके महिने झाले होते, आणि ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले, तेही नाव ठेवायला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण आनंदाने मीठ वाढत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मीठ कमी हुतं." तिसऱ्या दिवशी तेच. मग मात्र मला राग यायला लागला. मोठी माणसं जेवायच्या आधी पातेल्यातलं चाखायचं नाही ही आमची रीत. मी मागून जेवायची, ती मिरचीच्या ठेच्याबरोबर, आणि मला मीठ अगदी बरोबर लागायचं. ह्यांना विचारलं तर हे म्हणत, बरं हाय की. खिळे वाढले असते तरी हे बरं हाय की म्हणाले असते. मी मनाशी ठरवून टाकलं, म्हाताऱ्याच्या जिभेची चव गेलीय. मिठाची चिमूट काही मी वाढवली नाही. तो माझा हट्ट.

सहाएक महिने असेच गेले. मामा भरले. बंडी अंगाला लागायला लागली. हाताने ते आता बरंच काही करत. चमच्याच्या जागी चिलीम अडकवून घ्यायचे, शेजारणीच्या मुलाला खुळखुळा वाजवून दाखवायचे. बाहीची गाठ बांधणं बंद झालं. गावाकडचं कुणी आलं तर आधी हात दाखवायचा, मग चहा.

आणि मला दिवस गेले.

पहिलटकरीण, घरात मोठी बाई नाही. न्यायला भाऊ येणार होता, तो साखर कारखान्याच्या हंगामात अडकला. मला मिलोच्या भाकरीचा वास सहन होईना. एकदा भाजून झालं की खायची इच्छाच मरायची. चार घास पोटात जायचे, त्यातले दोन बाहेर. हे म्हणायचे, खा काहीतरी. कामावर जाणाऱ्या पुरुषाने याहून जास्त काय म्हणायचं? आत्याबाईंची मला तेव्हा फार आठवण आली. मी चुलीशेजारी बसून त्यांच्या हातातले लहान घास आठवायची. मला कुणीतरी भरवावं असं वाटायचं, लग्न झालेल्या घोडीला, आणि त्याची लाज वाटायची.

एका दुपारी माडगं वाढून ताट खाचेत बसवलं आणि उंबऱ्याशी जाऊन टेकले. मागे चमच्याचा आवाज येईना. वळून बघितलं तर मामांनी थोटं पट्ट्यात घातलंच नव्हतं.

"तू जेवलीस का?"

"भूक न्हाई," मी म्हटलं.

म्हटलं आणि मलाच ते कुठून आलं ते कळलं. मामांनाही कळलं असावं.

"मग मला बी न्हाई."

"मामा, तुमी जेवून घ्या. निवंल."

"निवू दे." मग म्हणाले, "हिकडं ये. फळीच्या म्होरं बस."

मी उठले, पण बसले नाही. मामांनी थोट्याने फळीची कड ढकलायला सुरुवात केली. फळी जड होती. पाय लावला असता तर एका झटक्यात फिरली असती, पण पाय त्यांनी लावला नाही. थोडी थोडी ढकलत, धापा टाकत त्यांनी ती फिरवली, इतकी की चमच्याचं तोंड माझ्या बाजूला आलं. मग वळून थोटं पट्ट्यात सरकवलं.

"ताट उष्टं न्हाई," ते म्हणाले. "मी तोंड लावलं न्हाई अजून."

"मामा, आसं कुटं आसतं का? सासऱ्यानं सुनंला…"

"मी कुटं भरवतोय? ह्यो भरवतोय. त्याला कुटं सून हाय?"

चमचा ताटाच्या कडेला घासला, भरला आणि वर आला. मध्येच थांबला, कारण मामांना आता चमचा सरळ दिसत नव्हता, अंदाजाने धरला होता. त्यांच्या कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी खाली बसले, त्यांच्याच सतरंजीवर. हात त्यांच्या तोंडाच्या उंचीला बसवलेला, मला तो उंच झाला. मान वर करून पुढे वाकावं लागलं. वाकताना पदर डोक्यावरून घसरला. तो सावरायला हात उचलला असता तर चमच्याला धक्का लागला असता, म्हणून मी तो तसाच राहू दिला.

मी तोंड उघडलं. चमचा आधी दाताला लागला, मग आत आला.

"खा पोरी," मामा म्हणाले.

मीठ खरंच कमी होतं.